गृहस्थाचा कस

जबलपूरच्या सराफ्यात सोने पारखण्याची जुनी रीत अशी : काळ्या कसोटीवर दागिना घासावा, उमटलेल्या रेघेवर तेजाबाचा थेंब सोडावा आणि काय उरते ते पाहावे. नुसत्या झळाळीवर तेथे भाव ठरत नाही. गृहस्थाचा कस मात्र बहुधा झळाळीवरच लावला जातो. तो प्रातःस्नान करतो, गीतेचा अध्याय म्हणतो, एकादशी चुकवीत नाही, दुकानी गिऱ्हाइकाशी गोड बोलतो. तेव्हा तो सज्जन. संध्याकाळी त्याच्या वहाणांचा आवाज ऐकताच घरातील स्त्री का दचकते, मुले का गप्प होतात, हे कोणी विचारीत नाही.

ज्याच्यापासून लोकांना उद्वेग होत नाही तो मला प्रिय, असे श्रीभगवंतांनी सांगितले आहे (अध्याय १२, श्लोक १५). त्या ‘लोकां’तून पत्नी वगळलेली नाही.

‘राग आवरला नाही’ ही सबब नेहमीची. परंतु हाच मनुष्य वरिष्ठांपुढे अपमान गिळून हात जोडतो. क्रोध खरोखर आंधळा असता, तर त्याने माणूस पाहून जागा निवडली नसती. दुसऱ्या अध्यायातील साखळी (श्लोक ६२-६३) नीट पाहावी. तिचा आरंभ क्रोधाने होत नाही; आधी विषयाचे चिंतन, मग आसक्ती, मग कामना. ‘ही माझी वस्तू आहे’ या चिंतनातून पै-पैचा हिशेब मागणे येते, माहेरची वाट बंद होते, चारचौघांत पाणउतारा होतो. हात उगारला जातो तो फार पुढे. म्हणून आवर घालावयाचा तो पहिल्या कडीपाशी.

हे केवळ अडाण्यांच्या घरी घडते असेही नाही. संत बहिणाबाईंचे (१६२८–१७००) पती गंगाधर पाठक हे वेदविद्येवर निर्वाह करणारे ब्राह्मण. कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनाचा ओढा त्या बालवधूला लागला, लोक तिचे कौतुक करू लागले आणि पतीचा अभिमान दुखावला. पुढे तिने तुकोबांना गुरू मानले, तेही त्यांना सोसवले नाही. त्यांनी तिला मारले, बांधून घातले. आईवडील जवळ असूनही तिचा मार चुकला नाही. हे सारे तिने स्वतःच आपल्या आत्मपर अभंगांत सांगून ठेवले आहे. पुढे दुखण्यात पडल्यावर पतीला पश्चात्ताप झाला व तो तिच्यासह देहूस गेला. यावरून ‘सोसले की नवरा सुधारतो’ असा बोध काही कथेकरी काढतात. तो अन्यायाचा आहे. पश्चात्ताप झाला तो पतीला. माराला त्याचे श्रेय कसले?

पत्नीला दोरीने वा वेळूच्या काठीने शासन करण्याची मुभा मनुस्मृतीत आहे, हे लपविण्यात अर्थ नाही. त्याच ग्रंथात, ज्या घरी स्त्रिया दुःखी असतात ते कुळ नष्ट होते, असेही आहे. दोहोंत निवड करावयाची तर गीतेतील आत्मौपम्य (अध्याय ६, श्लोक ३२) हाती आहे : इतरांचे सुखदुःख स्वतःवरून मोजावे. ती दोरी स्वतःच्या पाठीवर कोण मान्य करील?

‘सूनबाई, सोसून घ्या’ असे म्हणणारी वडीलधारी मंडळी क्षमेचे नाव घेतात. क्षमा हे समर्थाचे भूषण. जिला जाण्यास दुसरे दार नाही तिच्या मौनाला क्षमा म्हणणे ही शब्दांची फसवणूक होय.

सराफ्याशी या विषयाचा आणखी एक संबंध आहे. पत्नीला न विचारता तिच्या पाटल्या तेथे मोडीत निघतात. स्त्रीधन हे स्त्रीचेच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली स्पष्ट केले. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात मारहाणीबरोबरच शिवीगाळ, लैंगिक छळ, पैशाची अडवणूक व स्त्रीधन हिरावणे हीही हिंसाच मानली आहे, आणि कायदेशीर प्रक्रियेशिवाय स्त्रीला राहत्या घरातून काढता येत नाही. पीडितेनेच तक्रार करावी असेही बंधन नाही. भिंतीपलीकडचा शेजारीही संरक्षण अधिकाऱ्यास कळवू शकतो, आणि सद्भावाने कळविणाऱ्यावर त्याचे कोणतेही दायित्व येत नाही. १८१ हा महिलांच्या साहाय्याचा दूरध्वनी क्रमांक आहे. भिंतीपलीकडचे रडणे ऐकून ज्याने आजवर आपल्या पाठाचा आवाज चढविला, त्याने पोथी मिटून तो क्रमांक लावावा.