उंदराचें ऋण

सोलापुरांत हजारों स्त्रियांचा संसार विडी वळण्यावर चालतो. म्हणून तंबाखूचा प्रश्न येथें केवळ पुस्तकी नव्हे. हें व्यसन कसें जडतें हें शोधण्यासाठीं प्रयोगशाळेंत उंदीर पाळतात. कळ दाबून तो निकोटीन पुनःपुन्हां आपल्याच शिरेंत घेतो. ज्यांचें लक्ष एके ठिकाणीं ठरत नाहीं अशा मुलांचा विकारही, १९६३ सालीं जपानांत रक्तदाबाच्या अभ्यासार्थ निपजविलेल्या उंदरांच्या वंशावर अभ्यासतात. निकोटीनानें अवधान किंचित् सुधारतें असेंही आढळलें आहे. मग विडीकडे वळलेला चंचल मुलगा दुर्गुणीच काय? कदाचित् तो चित्ताची स्थिरता शोधीत असेल. ही दृष्टि मुक्या जीवाच्या संमतीवांचून मिळाली आहे. ती मिळूनही मुलाला छडीच द्यावयाची, तर आपण उंदराचेही अपराधी आणि मुलाचेही.