ताबा की सांभाळ?

शिक्षकाच्या कामाविषयी बोलताना आपल्या भाषेत दोन शब्दप्रयोग सर्रास केले जातात. 'यांचा वर्गावर चांगला ताबा आहे,' असे आपण एका शिक्षकाविषयी म्हणतो. दुसऱ्याविषयी 'ते वर्ग छान सांभाळतात' असे म्हणतो. ऐकणाऱ्यास दोहोंचा अर्थ एकच वाटतो. परंतु ताबा घेतला जातो तो जमिनीचा, घराचा, मालमत्तेचा; सांभाळ केला जातो तो लेकरांचा, थकल्या माणसांचा, गुराढोरांचा. जालना जिल्ह्यातील शाळांत आंतरवासितेसाठी जाणाऱ्या आम्हा विद्यार्थी-शिक्षकांपुढे या दोन शब्दांतील अंतर रोज उभे राहते. 'वर्गव्यवस्थापन' या भारदस्त नावाखाली जे आम्हांस शिकविले जाते, त्याच्या मुळाशी एक नैतिक प्रश्न आहे. दुसऱ्या जिवाचे लक्ष हक्काने घ्यावे, की ते आपणहोऊन मिळेल अशी पात्रता प्रथम अंगी आणावी?

प्रशिक्षणाचा आरंभ सूक्ष्म अध्यापनाने होतो. १९६० च्या दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ही पद्धत विकसित झाली. पाचसहा मिनिटांचा पाठ, एकच कौशल्य आणि समोर विद्यार्थी म्हणून बसलेले आमचेच सहाध्यायी. असा वर्ग फार समजूतदार असतो. तो नेमके अपेक्षित उत्तर देतो. त्यानंतर खरी शाळा येते. २०१४ च्या नियमांनी बी. एड.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला आणि त्यातील किमान वीस आठवडे शाळेतील कामासाठी राखले. ही तरतूद योग्यच होती, कारण पोहणे काठावर बसून येत नाही.

परंतु सराव पाठाच्या वेळी एक विचित्र गोष्ट घडू शकते. मार्गदर्शक मागच्या बाकावर निरीक्षणाची वही उघडून बसलेले असतात. वर्ग शांत असला, उत्तरे झटपट आली, तर शेरा चांगला मिळतो. मग मोह होतो तो हुशार चारपाच मुलांनाच प्रश्न विचारण्याचा, आणि चुळबुळ करणाऱ्यास 'हाताची घडी, तोंडावर बोट' या जुन्या आज्ञेने बसविण्याचा. म्हणजे ज्या मुलांसाठी पाठ, ती मुलेच आमच्या गुणांची साधने होतात. हात उंच करणारे मूल आमच्या उपयोगी पडते. ज्याला काही समजलेले नाही, ते अडचणीचे ठरते. वास्तविक शाळेत ज्याच्यासाठी शिक्षक नेमला जातो, ते हेच दुसरे मूल होय.

शांततेचा अर्थ लावणे किती कठीण असते, हे आमच्या जिल्ह्यात लवकर कळते. मंठा, परतूर, घनसावंगी या तालुक्यांतील अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यांच्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृहे चालविली गेली, कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या. तरीही आईबापांच्या मागे फडावर जाणारी मुले राहतातच. असे मूल काही महिन्यांनी वर्गात परत येते, तेव्हा ते अगदी शेवटी बसते. कुणाशी बोलत नाही, खोडी काढत नाही, प्रश्न विचारत नाही. शिस्तीच्या फूटपट्टीने मोजले तर वर्गातील सर्वांत गुणी मूल तेच! फळ्यावरील भागाकार त्याच्या डोक्यावरून जात असतो आणि त्याची लाज त्याला गप्प बसवीत असते. ताबा ठेवणाऱ्या शिक्षकाला या मुलाविषयी तक्रार नसते. सांभाळणाऱ्याला मात्र त्याचीच सर्वांत जास्त काळजी वाटावयास हवी.

आणि हे मूल रिकाम्या हातांनी आलेले नसते. मोळी किती वाढ्यांनी बांधावी, गाडीत किती टन ऊस बसतो, कोयत्याला धार कशी लावावी, हे त्याला ठाऊक असते. वर्गातील इतर मुलांसाठी 'टन' हा पुस्तकातला शब्द असतो. याने तो रचला जाताना पाहिलेला असतो. वजन-मापाच्या पाठात त्यालाच प्रथम बोलते केले, तर वर्गाच्या नजरेत त्याची जागा बदलते. येथेही एक मर्यादा पाळावी लागते. त्याच्या ज्ञानाविषयी विचारावे. बापाने मुकादमाकडून किती उचल घेतली, हे चारचौघांत विचारू नये. मुलाचे दारिद्र्य हे आमच्या पाठाचे शैक्षणिक साहित्य नव्हे.

यावर अनुभवी माणसे विचारतील की, मग वर्गात गोंधळ चालू द्यावयाचा काय? आक्षेप रास्त आहे. एकाच्या आरडाओरड्याने पन्नासांचे नुकसान होते, आणि ज्याला शिकावयाचे आहे त्याला न्याय मिळालाच पाहिजे. सांभाळ म्हणजे ढिलाई नव्हे. गुरे सांभाळणारादेखील त्यांना दुसऱ्याच्या पिकात शिरू देत नाही. प्रश्न साधनांचा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेत शारीरिक शिक्षेस आणि मानसिक छळास बंदी केली. तो कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. छडी गेली, पण टोमणा, उपहास, 'तुझ्याच्याने काही व्हायचे नाही' हे वाक्य, यांचा वळ दिसत नसल्याने ती राहून जातात. कायद्याने तीही निषिद्धच मानली आहेत.

जेकब कूनिन या अमेरिकन अभ्यासकाने १९७० साली प्रसिद्ध केलेले निष्कर्ष येथे मार्गदर्शक ठरतात. खोडी झाल्यानंतर शिक्षक कसा रागावतो, यावरून चांगल्या आणि सामान्य वर्गातील फरक उलगडत नाही, असे त्याला आढळले. संपूर्ण वर्गावर ज्याची नजर असते, ज्याचा पाठ अडखळत नाही आणि जो प्रत्येकाला काही ना काही कामात गुंतवून ठेवतो, त्याच्या वर्गात खोड्या मुळातच कमी होतात. शिक्षकाचे लक्ष आधी, मुलांचे मागाहून, असा हा क्रम आहे.

मात्र 'गुंतवून ठेवणे' या शब्दानेही फसगत होते. गाणी, विनोद, रंगीत चित्रे, पडद्यावरची चित्रफीत यांनी वर्ग खिळून राहतो आणि आम्हांस कृतकृत्य वाटते. परंतु गारुड्याभोवतीची गर्दीही खिळलेलीच असते. मुले शिक्षकावर खूश झाली आणि अपूर्णांक होता तेथेच राहिला, तर हाही ताबाच झाला, फक्त गोड. साधने अवश्य वापरावीत, पण त्यांनी मुलाची नजर आमच्यावरून विषयाकडे वळविली की नाही, हे पाहावे.

जालना हे बियाण्यांचे गाव म्हणून देशभर ओळखले जाते. येथील शेतकरी पावसानंतर लगेच तिफण जुंपत नाही. तो वाफसा येण्याची वाट पाहतो. चिखलात पेरले तर बी कुजते, कोरड्यात पेरले तर वाया जाते. वर्गालाही वाफसा यावा लागतो. मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवून दिले की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. हा अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढविला तरी उत्तरे अधिक विस्तृत होतात आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात. दोन सेकंदांचा धीर! परंतु मागे वही उघडून कुणी बसलेले असताना एवढा धीर धरणे सोपे नसते.

आपल्या राज्यात या विचाराची फार मोठी परंपरा आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी काम केले. मुले गुरे राखावयास जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे पाहून त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच कुरणात नेली. 'कुरणशाळा' हा शब्द त्यातून आला. मूल जागेवर का बसत नाही, या प्रश्नापेक्षा मूल आहे कोठे, हा प्रश्न त्यांनी आधीचा मानला.

आपल्या वाचकांस परिचित असलेल्या संत जॉन बॉस्को यांनी १८८४ साली रोमहून आपल्या संस्थेतील सहकाऱ्यांस लिहिलेल्या पत्रातही हीच तळमळ आहे. शिक्षक मैदानावर मुलांत मिसळेनासे झाले, केवळ वरिष्ठ म्हणून उभे राहू लागले, याचे त्यांना दुःख होते. मुलांवर प्रेम असणे पुरेसे नाही. ते मुलांना जाणवले पाहिजे, असा त्या पत्राचा आशय आहे.

तेव्हा आम्हा शिकाऊ शिक्षकांचे कर्तव्य काय? सरावाचे आठवडे संपतील, आम्हांस पदवी मिळेल. मुलांना मात्र ते वर्ष पुन्हा मिळणार नाही. आम्ही त्यांच्यावर शिकतो, हे ऋण आहे, आणि ज्याला पाठ कळला नाही त्याच्यापाशी जाऊन बसण्यानेच ते काही अंशी फिटते. त्यात एखादा गुण कमी झाला तर तो आनंदाने सोसावा.

पालकांपाशीही एक विनंती आहे. मूल घरी आल्यावर 'आज गप्प बसलास ना?' असे आपण सहज विचारतो. त्याऐवजी 'आज काय विचारलेस?' असे विचारून पाहावे. आणि शेवटच्या बाकावरचा मुलगा आज काही बोलला का, हेही विचारावे. आपले मूल त्याच्याकडे पाहावयास शिकले, तर वर्ग सांभाळण्याचे निम्मे काम घरीच झालेले असेल.