शेवटचा श्वास आणि आपले कर्तव्य



घरात कोणी अचानक कोसळले, श्वास थांबला, तर आपण पाणी शिंपडतो, कांदा हुंगायला देतो, रिक्षा शोधतो. पण मोलाची असतात ती पहिली मिनिटे. छाती लगेच, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबली आणि विजेचा झटका लवकर मिळाला, तर जगण्याची आशा वाढते. मदतीविना ती दर मिनिटाला सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. म्हणून हे शिकून घेणे हा चांगल्या शोमरोनीचा धर्म आहे.

परंतु शेवटच्या अवस्थेतील कर्करोगाने खंगलेल्या आजीचे हृदय थांबले, तर? तेथे हा उपाय क्वचितच यशस्वी होतो. बरगड्या मात्र मोडू शकतात. १९५७ साली पोप बारावे पायस यांनी डॉक्टरांना सांगितले होते की, साधारण उपाय करणे बंधनकारक आहे, असाधारण नव्हे. असा नकार म्हणजे हत्या नव्हे. मरण थोपवता येत नाही, हे स्वीकारणे होय.

मग ठरवायचे कोणी? आजी बोलू शकते तोवर तिलाच विचारूया, डॉक्टरांचा सल्ला घेऊया, साक्रामेंतासाठी फादरांना वेळीच बोलावूया. एकाची छाती दाबणे आणि दुसऱ्याचा हात हाती धरून प्रार्थना करणे, दोन्ही प्रीतीचीच कामे आहेत.