ऑपरेशन आईचे, सही मुलाची

ऑपरेशन ठरले की घरात धावपळ सुरू होते. पैशांची जमवाजमव, मेडिक्लेमचे कागद, रक्त द्यायला कोण येणार, आयसीयूबाहेर रात्री कोण बसणार. या गडबडीत एक ठराव मात्र न बोलताच मंजूर होतो : आईला काही सांगायचे नाही. गाठ कर्करोगाची असते. आईला सांगितले जाते, अल्सर आहे, काढून टाकतील, आठ दिवसांत घरी. डॉक्टरांना दाराबाहेर गाठून तशी विनंती केली जाते. भेटायला येणाऱ्यांना जिन्यातच ताकीद मिळते. मग खाटेभोवती सगळे हसतमुख आणि खाटेवरची व्यक्ती एकटी.

हे प्रेमापोटी घडते, यात शंका नाही. म्हणूनच प्रश्न अवघड आहे. स्वार्थासाठी खोटे बोलणे हे पाप, एवढे पहिल्या कम्युनियनच्या वर्गातल्या मुलालाही कळते. पण मायेपोटी बोललेल्या खोट्याचे काय?

सगळ्यांना सगळे सांगितलेच पाहिजे, असे ख्रिस्तसभा म्हणत नाही. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या कॅटेकिझममध्ये आठव्या आज्ञेच्या विवेचनात स्पष्ट म्हटले आहे की, ज्याला एखादी गोष्ट जाणून घेण्याचा हक्क नाही, त्याला ती सांगायला कुणी बांधील नाही. शेजारणीने रिपोर्ट विचारला तर तो दाखवायची गरज नाही. पण ज्या पोटावर सुरी चालणार, त्या पोटाच्या मालकिणीला हक्क नाही, तर मग कुणाला आहे? आपल्याकडे नेमके उलटे होते. शेजारणीला ठाऊक असते, आईला नसते.

कायदाही याच बाजूचा आहे. 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने एका महत्त्वाच्या खटल्याचा निकाल दिला. एका प्रौढ, अविवाहित स्त्रीने दुर्बिणीतून तपासणी करण्यास संमती दिली होती. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची सही घेऊन तिचे गर्भाशय काढण्यात आले. न्यायालयाने सांगितले, जीव वाचवण्याची तातडी नव्हती, बाई शुद्धीवर आल्यावर तिला विचारता आले असते. तिच्या वतीने आईची संमती चालणार नाही. जन्मदात्या आईची सही जिथे चालली नाही, तिथे मुलाची, सुनेची, जावयाची कशी चालेल? तरीही आपल्या इस्पितळांतून संमतीपत्रावर सही करायला नर्स आधी 'पेशंटचे नातेवाईक कोण?' असेच विचारते आणि आपणही पेन काढून पुढे होतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्येच ऑपरेशन थिएटरसाठी एक तपासणी-यादी तयार केली. ती आता अनेक ठिकाणी वापरली जाते. भूल देण्यापूर्वी रुग्णालाच विचारायचे : तुमचे नाव काय, कसले ऑपरेशन आहे, कोणत्या बाजूचे आहे, तुमची संमती आहे ना? चुकीच्या माणसाचे किंवा चुकीच्या बाजूचे ऑपरेशन होऊ नये म्हणून हा खटाटोप. आता ती आई थिएटरच्या टेबलावर पडून काय उत्तर देणार? 'अल्सरचे.' आणि तिच्यापाशी उभ्या असलेल्या चार जणांना खरे माहीत असणार.

खोट्याची किंमत शरीरालाही मोजावी लागते. गुदाशयाच्या कर्करोगाचे उदाहरण घ्या. काही रुग्णांच्या बाबतीत आतड्याचे तोंड पोटावर काढावे लागते आणि त्यावर मळासाठी पिशवी चिकटवतात. कधी काही महिन्यांसाठी, कधी कायमची. ही जागा आदल्या दिवशी शाईने खूण करून ठरवायची असते. त्यासाठी रुग्णाला बसवतात, उभे करतात, वाकायला लावतात. परकराची नाडी किंवा पँटचा पट्टा कुठे येतो, पोटाला वळी कुठे पडते, स्वतःला ती जागा नीट दिसते का, हे सारे पाहावे लागते. जागा चुकली तर पिशवी सुटते, गळते, कातडी सोलवटते. मग माणूस लग्नकार्याला, मिस्सेलाही जायचे टाळतो. ज्याला 'मूळव्याधीचे ऑपरेशन' म्हणून आणले आहे, त्याच्या पोटावर ही खूण कोण आणि कशी करणार? शुद्धीवर आल्यावर चादर बाजूला करून त्याने ती पिशवी प्रथमच पाहायची, ही कसली दया? त्या क्षणी त्याचा विश्वास डॉक्टरांवरून उडतो तसाच पोटच्या मुलांवरूनही उडतो. पुढे केमोथेरपीसाठी 'चला' म्हटले की तो विचारणारच, आता आणखी काय लपवले आहे?

अर्थात, सत्य सांगणे म्हणजे रिपोर्ट तोंडावर फेकणे नव्हे. काही माणसांना थोडे-थोडे ऐकायचे असते. काही जण स्वतःच म्हणतात, 'मला तपशील नको, थोरल्याला सांगा, तो ठरवील.' हेही योग्यच आहे, कारण तो निर्णय त्यांनी स्वतः घेतलेला असतो. पण आधी त्यांना विचारायला तर हवे! बार्तीमय आंधळा आहे हे सगळ्यांना दिसत होते, तरी तुला काय हवे, असे प्रभू येशूने त्याला विचारले. आपण विचारायचेच टाळतो आणि 'आईला झेपणार नाही' असे आपणच ठरवतो. कितीतरी वेळा न झेपणारी व्यक्ती आई नसते, आपण असतो.

आजाऱ्याकडूनही लपवाछपवी होते, तीही सांगितली पाहिजे. भूलतज्ज्ञ विचारतात, दारू घेता का? शेजारी बायको उभी असते. 'कधीतरी, सणासुदीला' असे उत्तर मिळते. रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की ऑपरेशननंतर दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरतात, घाम फुटतो, भास होतात, माणूस सलाईनची नळी उपटून उठू पाहतो. आधी कळले असते तर त्याची औषधे वेळीच सुरू करता आली असती. मशेरी आणि बिडीचेही तेच. बिडी-सिगारेट निदान चार आठवडे आधी सोडली तर छातीचा आणि जखमेचा त्रास कमी होतो. नातेवाइकांनी पाच मिनिटे बाहेर थांबावे, म्हणजे हे बोलणे सोपे जाते.

वेदनेविषयीही दोन शब्द. दुखणे प्रभूला अर्पण करायचे म्हणून वेदनाशामक नको, असे म्हणणारी श्रद्धाळू वडीलधारी मंडळी अजून भेटतात. बारावे पायस यांनी 1957 साली डॉक्टरांपुढे बोलताना वेदना शमवणे नीतीला धरून आहे, असे सांगितले आहे. शिवाय टाके दुखतात म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. मग कफ साठून न्यूमोनियाची भीती.

आता मुख्य मुद्दा. या लपवाछपवीत आजाऱ्याचा आणखी एक हक्क हिरावला जातो. जुन्या पिढीच्या मनात 'शेवटचा अभ्यंग' हे नाव पक्के बसले आहे. फादर तेल घेऊन आले म्हणजे आता आशा संपली! दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्येच सांगितले की, हा केवळ मरणाच्या दारात असलेल्यांचा संस्कार नव्हे आणि त्याला आजाऱ्यांचा अभ्यंग म्हणणे अधिक योग्य. सहाव्या पॉल यांनी 1972 साली त्याचा विधीही नव्याने दिला. कॅटेकिझममध्ये तर मोठ्या ऑपरेशनच्या आधी हा संस्कार घेणे उचित आहे, असे स्पष्ट लिहिले आहे. पण घरचे म्हणतात, फादरना आत्ता बोलावले तर आईला संशय येईल. मग बोलावणे येते ते व्हेंटिलेटर लावल्यावर, रात्री दोन वाजता. तेव्हा अभ्यंग होतो, पण आईला पापनिवेदन करता येत नाही, प्रार्थनेला 'आमेन' म्हणता येत नाही, धाकट्या दिराशी दहा वर्षे धरलेला अबोला सोडता येत नाही.

गेथसेमनीच्या बागेत प्रभूला पुढचे सारे ठाऊक होते, म्हणूनच तो मित्रांना आपल्यासोबत जागे राहा, असे विनवू शकला. अजाणतेपणी थिएटरात नेलेली आई कुणाला काय विनवणार?

ऑपरेशनची तारीख मिळाली की इस्पितळात दाखल होण्यापूर्वीच धर्मगुरूंना कळवावे. त्याआधीच्या रविवारी मिस्सेनंतर चर्चमध्ये किंवा घरी येऊन ते अभ्यंग देऊ शकतात. कपाळाला व हातांना तेल लावले जाते, पोटात काही जात नाही, त्यामुळे उपाशी ठेवलेल्या रुग्णालाही अडचण नाही. आजार बळावला तर हा संस्कार पुन्हा घेता येतो. ऑपरेशननंतर तोंडाने काही घ्यायला मनाई असेल तर कम्युनियनसाठी घाई करू नये. पाणी सुरू झाले की डॉक्टरांना विचारून अगदी लहान तुकडा घोटभर पाण्याबरोबर देता येतो.