मोशेचे जड झालेले हात

(निर्गम, अध्याय १७, ओव्या ८ ते १६ वाचाव्या.)



रफीदीम येथे अमालेकी लोकांनी इस्राएलावर चाल केली, तेव्हा यहोशवा निवडक माणसे घेऊन लढावयास गेला आणि मोशे देवाची काठी हाती घेऊन टेकडीच्या माथ्यावर उभा राहिला. त्याचा हात वर असे तोवर इस्राएलाची सरशी होई. तो खाली आला की अमालेकाची. पुढे शास्त्रलेखक अगदी साध्या शब्दांत कळवितो की मोशेचे हात जड झाले.

ह्या भागावर जे उपदेश होतात त्यांत बहुधा प्रार्थनेच्या सामर्थ्याचा विषय असतो, आणि तो योग्यच आहे. परंतु आज आम्ही वाचकांचे लक्ष त्या हातांकडेच, हाडामांसाच्या हातांकडे, वेधू इच्छितो. मोशेने ह्या वेळी वयाची ऐंशी वर्षे गाठली होती. त्याच्या मुठीत देवाची काठी होती, मनात विश्वास होता, आणि चालले होते ते कार्यही देवाचेच होते. तरी त्याचे स्नायू थकले. शास्त्र त्याबद्दल त्यास दोष देत नाही. अहरोन व हूर जवळच होते. त्यांनी त्याचा विश्वास कमी पडला असे म्हटल्याचे कोठे लिहिलेले नाही. त्यांनी एक धोंडा आणून त्याच्याखाली ठेवला, त्यास बसविले, आणि दोघांनी दोन बाजूंनी त्याचे हात सूर्य मावळेपर्यंत सावरून धरले.

हा विषय आज काढण्याचे कारण सांगतो. आपल्या खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांत मधुमेहाने आजारी असलेले, आणि त्यांतही इन्सुलिनची सुई रोज टोचून घेणारे, बंधुभगिनी आता पुष्कळ झाले आहेत. घरभेटीस गेलो असता त्यांच्या तोंडून एकच गाऱ्हाणे वारंवार कानी पडते. "पाळकसाहेब, सुई चुकवीत नाही, साखरही सोडली, पण अंगात त्राण म्हणून उरले नाही. हंडा उचलवत नाही, चढण आली की मांड्या भरून येतात, दुपारी तर उठवत नाही." ह्या गाऱ्हाण्यास त्यांस तीन ठिकाणांहून तीन उत्तरे मिळतात. घरचे म्हणतात, हा आळस आहे. शेजारी म्हणतात, सुईनेच अंगातली शक्ती ओढून घेतली. आणि कोठून तरी फिरत आलेला एखादा उपदेशक म्हणतो की विश्वास पुरा नाही. सुई टाक म्हणजे बरी होशील. ही तिन्ही उत्तरे खोटी आहेत, आणि तिसरे तर जीव घेणारे आहे.

प्रथम शेजाऱ्यांचे उत्तर पाहू. आपण खाल्लेल्या भाकरीची पोटात साखर होते आणि ती रक्तावाटे अंगभर फिरते. परंतु रक्तातून ती स्नायूंच्या आत पुरेशी शिरावयास इन्सुलिन लागते. ते शरीरात तयार होत नसेल, किंवा तयार होऊनही त्याचा गुण येत नसेल, तर रक्तात साखर भरलेली आणि स्नायू मात्र उपाशी, अशी स्थिती होते. शोमरोनी स्त्रीने याकोबाच्या विहिरीवर प्रभूपुढे जी अडचण मांडली ती आठवा: विहीर खोल आणि काढावयास पोहरा नाही. पाणी असून तहान भागत नाही! उरलेली साखर लघवीवाटे जाते व जाताना अंगातले पाणीही घेऊन जाते. मग शरीर चरबी जाळू लागते आणि पुढे आपलेच स्नायू मोडून खाऊ लागते. सरपण संपले म्हणून घराचे वासे काढून चुलीत घालावेत, तसा हा प्रकार आहे. अशा माणसाच्या मांड्या व दंड झडतात ते सुईमुळे नव्हे. बहुधा सुई कमी पडल्यामुळे, चुकल्यामुळे, किंवा बाटलीतले औषध उन्हाने निकामी झाल्यामुळे.

सुई शक्ती नेते की आणते ह्याचा निकाल शंभर वर्षांपूर्वीच लागला आहे. कानडा देशातील टोरांटो शहरी १९२१ साली फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट ह्यांनी प्राध्यापक मॅक्लाउड ह्यांच्या प्रयोगशाळेत इन्सुलिन मिळविले. त्यापूर्वी मधुमेही मुलांस उपाशी ठेवून त्यांचे आयुष्य थोडे लांबविणे, एवढाच इलाज वैद्यांपाशी होता. मुले हाडांचे सापळे होऊन पडत. त्यांपैकी लेनर्ड थॉम्सन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलास ११ जानेवारी १९२२ रोजी पहिली सुई दिली. ते औषध अशुद्ध होते, म्हणून गुण थोडा आला. मग जेम्स कॉलिप ह्यांनी ते अधिक शुद्ध केले, आणि २३ जानेवारीपासून ते पुन्हा देताच मुलाच्या रक्तातील साखर उतरली व त्याच्या अंगी शक्ती येऊ लागली. तो आणखी तेरा वर्षे जगला. ह्या शोधाचे पेटंट टोरांटोच्या विद्यापीठास ज्यांनी दिले त्यांनी प्रत्येकी एक डॉलर घेतला. आज आपल्या गावकऱ्यांस औषधाच्या दुकानात जी किंमत मोजावी लागते ती पाहता ही गोष्ट मनास लागून राहते. पण तो विषय निराळा आहे.

कोणी म्हणेल, "हे सर्व खरे धरले, तरी जो सुई वेळेवर घेतो तोही थकतो, त्याचे काय?" हा प्रश्न रास्त आहे, आणि येथेच थांबून नीट पाहिले पाहिजे. आमच्या पाहण्यातील एका भगिनीची हकीकत सांगतो. ती सकाळसंध्याकाळ सुई घेई. दिवसभर खुरपणीस जाई. यंत्रावर साखरेचा आकडा मोठा दिसला की ती घाबरे आणि रात्रीची भाकरी अर्धी करी. सुई मात्र पूर्वीइतकीच. सकाळी उठे तेव्हा चोळी घामाने भिजलेली, डोके ठणकत असलेले, आणि पाय जणू दुसऱ्याचेच. सासू म्हणे, "नऊ तास झोपून हिला शीण कसला?" तालुक्याच्या डॉक्टरांनी तिला रात्री दोन-तीनच्या सुमारास साखर तपासण्यास सांगितले, तेव्हा ती पन्नासाच्याही खाली गेल्याचे दिसून आले. तिचे शरीर झोपेत रोज लढाई करीत होते आणि सकाळी थकून उठत होते. दिवसाच्या कष्टामुळे स्नायू रात्रीही रक्तातली साखर ओढीत राहतात, हे तिला कोणी सांगितले नव्हते. डॉक्टरांनी संध्याकाळची मात्रा उतरविली व रात्री पोटभर जेवण्यास सांगितले. घाम थांबला, सकाळचा शीणही उतरला. ह्यात आळस कोठे होता? आणि सुई फेकण्याचे तरी कारण कोठे होते? मात्रा व जेवण ह्यांचा मेळ बिघडला होता, एवढेच.

थकव्याची इतरही कारणे असतात, आणि एकाच रोग्यात दोन-तीन कारणे एकवटलेली असणे नवल नाही. रोज एकाच जागी टोचल्याने तेथे गाठ होते आणि औषध कधी शोषले जाते, कधी नाही. बाटलीवर ४० लिहिले असता १०० ची सुई वापरली, किंवा उलट केले, तर मात्रा पार चुकते. हे दोन्ही आकडे जुळतात की नाही हे घरातल्या शाळकरी मुलानेही पाहावे. न उघडलेली बाटली थंड कपाटात असावी, पण बर्फाच्या खणात नव्हे. उघडलेली सुमारे चार आठवडे चालते, मात्र पत्र्याच्या छपराखाली वैशाखात नाही. तेथे ती कोरड्या डबीत घालून ओल्या मातीच्या भांड्यात ठेवावी. मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांपैकी काहींच्या अंगात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी पडते, व त्याने हातपाय बधिर होऊन अशक्तता येते. मूत्रपिंड बिघडल्यास रक्त कमी होते. गळ्यातील थायरॉइड ग्रंथी मंदावली तरी स्नायू जड होतात. फार ओकाऱ्या-जुलाब झाले तर पोटॅशियम नावाचा क्षार उतरतो व अंग लुळे पडल्यासारखे होते. क्वचित एका मांडीत आधी तीव्र दुखणे व मग अशक्तपणा येऊन ती बारीक होत जाते. तो मज्जातंतूंचा विकार होय. आणि मनाची खिन्नता! एलीया झुडपाखाली पडून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्यास उपदेश केला नाही. भाकर व पाणी दिले आणि पुन्हा निजू दिले. ह्यांतले कोणते कारण आपले आहे हे घरबसल्या कळत नाही. रक्ताची तपासणी करून डॉक्टरांनीच ते ठरवावयाचे असते, आणि मात्राही त्यांनीच वाढवावी वा उतरवावी.

आता त्या फिरत्या उपदेशकाविषयी. देव बरे करतो ह्यावर आमचा पूर्ण विश्वास आहे, आणि रोग्यासाठी प्रार्थना करणे हे मंडळीचे कर्तव्य आहे. परंतु सुई फेकून विश्वास सिद्ध करावा, हे शिक्षण शास्त्रातले नव्हे. मंदिराच्या शिखरावर उभे करून सैतानाने प्रभूस हेच सुचविले होते की उडी टाक, म्हणजे देव झेलतो की नाही ते दिसेल. आणि प्रभूने ते नाकारले. हिज्कीया राजा मरणास टेकला असता देवाने त्याचे आयुष्य वाढविले, आणि त्याच यशयाने अंजिरांचा लेप लावावयास सांगितला. राजाने लेप घेतला म्हणून प्रार्थना व्यर्थ झाली, असे कोणी म्हणत नाही. ज्या मुलाचे शरीर इन्सुलिन मुळीच तयार करीत नाही, त्याची सुई थांबविली तर थोड्याच दिवसांत ओकाऱ्या, पोटदुखी, भरभर खोल श्वास व ग्लानी येऊन ते दगावते. अशा मुलाच्या आईबापांस जो सुई टाकावयास सांगतो त्यास वडीलमंडळींनी व्यासपीठावर पुन्हा चढू देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याचा आवाज कितीही गोड असो.

राहिले घरच्यांचे उत्तर. अहरोनाने व हूराने आधी धोंडा आणला, मग हात धरले. हा क्रम ध्यानात घ्यावा. थकलेल्यास प्रथम बसावयास जागा पाहिजे. काठी त्यांनी त्याच्याकडून हिसकावून घेतल्याचेही लिहिलेले नाही. त्याचप्रमाणे मधुमेही सुनेस वा म्हाताऱ्यास सर्व कामांतून काढून कोपऱ्यात बसविणे हा उपाय नव्हे. न वापरलेला स्नायू आणखी झडतो. रोज थोडे चालावे, बाजेवरून हात न टेकता दहा वेळा उठावे-बसावे, डाळ-उसळ व मिळेल तर अंडे खावे (मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांस विचारून). आणि कष्टाचा दिवस असेल तेव्हा साखर पाहूनच निजावे. पाण्याचा जड हंडा जाऊबाईने आणावा, भाजी निवडणे हिच्याकडे असावे. रात्री तीनला उठून साखर तपासावयाची तर नवऱ्याने गजर लावावा. एका गावी आम्ही असे पाहिले की तरुणसंघातील एक मुलगा दर महिन्यास तालुक्यास जाऊन मंडळीतील चौघांच्या बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून आणतो. तो कधी प्रार्थना चालवीत नाही, फार लाजाळू आहे. हूराविषयीही शास्त्रात फारच थोडे लिहिले आहे.

उपवासकाळात इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांस विचारल्यावाचून जेवण टाळू नये. पाळकांनी हे उपासनेत मोठ्याने सांगावे, म्हणजे त्यांस न उपासण्याची लाज वाटणार नाही. लांबलेल्या उपासनेत मधूनच उठून काही खावे लागले तरी कोणी वळून पाहू नये. आणि प्रत्येक उपासनामंदिरात, दानपेटीजवळच म्हणा, साखरेची एक पुडी व पेला ठेवावा. सुई घेणाऱ्या कोणास घाम सुटला, हात कापू लागले, बोलणे अडखळू लागले, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच पाजावी; पंधरा मिनिटांनी साखर तपासावी, ती सत्तराखालीच असली वा उतार दिसला नाही तर पुन्हा पाजावी, आणि सावरल्यावर भाकरी द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर निजवावे, आणि उपदेश अर्ध्यावर सोडून गाडी बोलवावी.