शेवटच्या क्रेटचा टेम्पो

भातसा नदीच्या काठी, शहापूर-मुरबाड रस्त्यावरच्या सापगावात एक टेम्पोवाला होता. पाच शेतकऱ्यांची भेंडी तो पहाटे कल्याणच्या बाजारात न्यायचा. पाचही जण चार ते पाचच्या दरम्यान कधीतरी आपापले क्रेट घेऊन यायचे. कोण कधी येईल याचा नेम नव्हता आणि एकाचा दुसऱ्याशी संबंधही नव्हता.

टेम्पोवाला हिशेबी माणूस. त्याने ठरवलं, "सरासरीने माणूस साडेचारला येतो, तेव्हा साडेचारला गाडी सोडायची." पहिल्याच आठवड्यात रोज कुणाचे ना कुणाचे क्रेट मागे राहिले. शिव्या त्यालाच बसल्या.

त्याची पुतणी कल्याणला कॉलेजात संख्याशास्त्र शिकत होती. ती म्हणाली, "अण्णा, साडेचारपर्यंत एक जण येण्याची शक्यता निम्मी. पाचही जण येण्याची म्हणजे निम्म्याची निम्मी, असं पाच वेळा. ३२ दिवसांतून एक दिवस. गाडी सरासरी माणसासाठी थांबत नाही, शेवटच्यासाठी थांबते. सरासरी सोडा, शेवटच्याचा हिशेब करा."

तिने कागदावर रेघ ओढली. पाच जणांच्या येण्याने तासाचे सरासरीने सहा सारखे तुकडे पडतात. पहिला साधारण चार दहाला, मधला साडेचारला, शेवटचा चार पन्नासला. आलेल्यांना असं रांगेत लावून मोजण्याच्या शास्त्राला क्रम-सांख्यिकी म्हणतात. पुलाची उंचीही अशाच हिशेबाने ठरते. तिथे वर्षाच्या सरासरी पाण्याला कोण विचारतो, सगळ्यात मोठा पूर बघायचा. एमिल गुंबेल यांनी अशा टोकाच्या आकड्यांवर १९५८ साली अख्खं पुस्तक लिहिलं.

"मग रोज चार पन्नास?"

"रोज नाही. पहिला कधी येतो ते बघा. तो चार दहाला आला तर शेवटचा साधारण चार पन्नासला. पण पहिलाच चार चाळीसला उगवला, तर उरलेले चौघे वीस मिनिटांत यायचे. मग शेवटच्याला चार छप्पन होतील."

टेम्पोवाला चक्रावला. माणसं एकमेकांना विचारून येत नाहीत, मग पहिल्यावरून शेवटचा कसा कळतो? खरी मेख इथेच आहे. माणसं सुटी असली तरी 'पहिला' आणि 'शेवटचा' ही पदं एकमेकांत गुंतलेली असतात, कारण शेवटचा पहिल्याच्या आधी येऊच शकत नाही. दोघांचा मिळून जो हिशेब मांडायचा, तो संयुक्त वितरणाचा. एकेकट्याचा हिशेब कितीही चोख ठेवला तरी त्यातून हे दिसत नाही.

टेम्पोवाल्याने मग युक्ती काढली. तिघांची घरं एकाच पाड्यावर होती. त्यांचे क्रेट एका टायरच्या बैलगाडीतून एकदम आणायचे ठरले. गाडी काही लवकर निघत नव्हती, तिचीही वेळ चार ते पाच अशीच बेभरवशाची. तरीही वाट बघायची ती पाचाऐवजी तीनच येण्यांची उरली. शेवटचं येणं सरासरीने पावणेपाचवर आलं आणि साडेचारला सगळे हजर असण्याचे दिवस ३२ तले चार झाले. माणूस एकही बदलला नव्हता. फक्त तिघे एकमेकांना बांधले गेले होते.

टेम्पोवाला खूश. पुतणी तेवढी खूश नव्हती. पावसाळ्यात भातसा धरणाचे दरवाजे उघडून नदी फुगली, की पुलापलीकडची माणसं एकेक करून अडकत नाहीत, सगळी एकदम अडकतात, हे तिने पाहिलं होतं.

एका पहाटे बैलगाडीचा टायर फुटला. तिघांचे क्रेट एकदमच राहिले आणि टेम्पो दोघांचा माल घेऊन निम्म्याहून जास्त रिकामा कल्याणला गेला. साडेचारचा हट्ट सोडल्यापासून एखादाच राहायचा, तेव्हापासून तिघे एकदम राहिल्याचं टेम्पोवाल्याला आठवत नव्हतं.

"उद्यापासून पुन्हा सुटे या," तो ओरडला.

"अण्णा," पुतणी म्हणाली, "रोजची पाच मिनिटं वाचवायची, की असा रिकामा दिवस टाळायचा? दोन्ही मिळणार नाहीत."

टेम्पोवाल्याने बराच वेळ मिशा कुरवाळल्या. मग पाड्यावर निरोप धाडला: बैलगाडी चालू ठेवा, फक्त टायर फुटेल त्या दिवशीचं भाडं तिघांनी मिळून भरायचं.