झाडाचं बलुतं

फळ कुणाचं? कोर्टात विचारलं तर सातबारा बघून निकाल लागंल. पण हाच प्रश्न झाडाला विचारला तर? झाड फळ कशासाठी धरतं, याचा विचार आपण शेतकरी असूनही फारसा करत नाही. आपण खावं म्हणून धरतं, असंच धरून चालतो.

झाडाला पाय नसतात. सगळं बी बुडाशीच पडलं तर आईच्या सावलीत लेकरं खुरटून मरायची. बी लांब नेणारा कुणीतरी पाहिजे. म्हणून झाड बियाभोवती गोड गर भरतं. पाखरानं, खारीनं, माकडानं, माणसानं गर खावा आणि बी दुसरीकडं टाकावं. गर ही त्या कामाची मजुरी. माझ्या पिढीच्या भाषेत सांगायचं तर बलुतं. सुतार-लोहार वर्षभर काम करायचे आणि सुगीला खळ्यावर येऊन आपला वाटा न्यायचे. त्या पद्धतीत अन्याय पुष्कळ होता, ती गेली ते बरंच झालं. पण वाटा कामाचा असतो, एवढी गोष्ट तिच्यात खरी होती.

आमच्या कळंब तालुक्यात येरमाळ्याच्या बाजूला बालाघाटाच्या टेकड्या लागतात. तिथं सीताफळ मोकाट वाढतं. मुरमाड जमीन, वर आभाळाचं पाणी, खत नाही की फवारणी नाही. शेळी पाल्याला तोंड लावत नाही, म्हणून टिकतं. दसऱ्याच्या आसपास फळाचे डोळे उघडले की तोडायचं आणि घरात आढी घालायची. आपल्या म्हाताऱ्यांनी त्याला सीतेचं नाव दिलं, त्याच्या भावकीला रामफळ, लक्ष्मणफळ म्हटलं. पण ही सगळी भावकी मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली. पेरू, पपई, चिक्कू, काजू, अननस हेही तिकडचेच. काजू आणि अननस ही नावंसुद्धा दक्षिण अमेरिकेतल्या आदिवासींच्या बोलीतून पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्याकडं आली. आपण ज्याला गावरान म्हणतो त्याचं गाव सात समुद्रापलीकडं आहे. कुणीतरी बी वाहून आणलं म्हणून ते आपलं झालं.

त्या मुलखातली एक गोष्ट वाचली, तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही. ब्राझीलच्या किनारपट्टीच्या जंगलात जुसारा नावाचा ताड आहे. त्याची फळं टूकानसारखे मोठ्या चोचीचे पक्षी गिळतात आणि बी लांब नेऊन टाकतात. ऊस आणि कॉफीसाठी ते जंगल तुटत गेलं, तुकडे उरले. लहान तुकड्यांतून मोठे पक्षी गेले. राहिली बारकी पाखरं, त्यांच्या घशातून मोठं बी उतरत नाही. मग मोठ्या बियांची फळं झाडाखालीच पडून राहू लागली आणि बारक्या बियांचीच पैदास पुढं चालली. २०१३ साली शास्त्रज्ञांनी मोजून दाखवलं, की जिथून मोठे पक्षी गेले तिथं ताडाचं बीच बारीक झालंय. ह्याला लाखो वर्षं लागली नाहीत, शतकभर पुरलं. आणि बारीक बी लवकर सुकतं, पाण्याची ओढ सोसत नाही. म्हणजे काय, हे आम्हा दुष्काळी भागातल्या माणसांना वेगळं सांगायला नको.

म्हणजे उद्याच्या जंगलात कसली फळं असतील हे आज कोण खातंय आणि बी कुठं टाकतंय यावर ठरतं.

माणूस वाईटच खाणारा आहे असंही नाही. ॲमेझॉनच्या जंगलाला आपण माणसाचा हात न लागलेलं समजतो. पण तिथल्या आदिवासींनी हजारो वर्षांत चांगल्या फळांचं बी निवडलं, वस्तीजवळ लावलं. २०१७ च्या एका अभ्यासात अशा ८५ जातींची झाडं पाहिली. आजही जुन्या वस्त्यांच्या आसपास ती जास्त सापडतात. लावणारे गेले, झाडं राहिली. त्या लोकांनी बलुतं खाल्लं आणि कामही केलं.

आता आपल्याकडं या. आमच्या शेजारी बार्शी तालुक्यात गोरमाळ्याच्या नवनाथ कसपटे यांनी 'एनएमके-१ गोल्डन' सीताफळ आणलं. मोठं फळ, भरपूर गर, कमी बिया. शेतकऱ्याच्या हाताला पैसा लागला, त्यांचे उपकार मानावेत तेवढे थोडे. बंगळूरच्या संस्थेचं 'अर्का सहान' आहे, तेही कमी बियांचं. खाणाऱ्याला बी नको असतं आणि बाजार खाणाऱ्याचं ऐकतो. बाग लावायची ती कलमाची. कलम म्हणजे एकाच आईची नक्कल, दहा एकरात झाड एकच.

माझा लेक एक दिवस म्हणाला, "आबा, बांधावरल्या गावरान झाडाला काय भाव येतो? जेसीबी लावून काढू, तिथपर्यंत कलमाच्या वळी नेऊ."

हिशोब चुकीचा नव्हता. बांधावर सतरा झाडं, फळ लिंबाएवढं ते मुठीएवढं, निम्मं पाखरं आणि खारी खातात. घरात कर्ज आहे, नातवंडांच्या फिया आहेत. मी त्याला एवढंच म्हणालो, "आरं, अंबाजोगाईच्या सीताफळ केंद्रानं 'धारूर-६' ही जात काढली, ती निवडून काढली. निवडायला आधी पुष्कळ झाडं लागतात. एकसारखी एक झाडं असली तर निवडायचं काय?" पुढं असा रोग आला की कलमाला सोसवंना, तर त्याला तोंड देणारं झाड कुठंतरी बियावर उगवलेलंच असणार. ते कुठलं, हे आज कुणालाच कळत नाही. ते त्या सतरात असंल, येरमाळ्याच्या टेकडीवर असंल, नाहीतर अजून उगवायचं असंल.

एक एकर कलमं लावली. बांध ठेवला. लेक अजून कुरकुर करतो, आणि त्याची कुरकुर खोटी नाही. झाडाचं कर्तव्य सांगणं सोपं, बँकेचा हप्ता झाड भरत नाही. म्हणून सगळ्यांनी गावरानच लावा, असं मी सांगणार नाही. पोटासाठी कलम पाहिजेच. पण सगळा शिवार पोटाला देऊन टाकायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? आपल्या आधी कुणीतरी समुद्रापलीकडून बी आणलं, पाखरांनी ते डोंगरभर नेलं. त्या दोघांचं खाऊन आपण हात झटकायचे, हे मला पटत नाही.

शहरातल्या वाचकांना बांध नाही, हे मला कळतं. त्यांच्या सीताफळाच्या बिया घंटागाडीत जातात. पण बी वाळवून पुडीत ठेवता येतं. पहिल्या पावसानंतर गावाकडं निघालात तर एखाद्या उघड्या टेकडीला, चार बोटं माती उकरून, दोन-दोन बिया टाकून या. सगळ्या उगवणार नाहीत. उगवलं तर तीन-चार वर्षांनी फळ लागंल, आणि ते बहुतेक खारच खाईल. तिनं पुढं नेलं तर नेलं.